जेसनमधील आकडे, तारखा आणि मराठी अक्षरे

जेसन (JSON) म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती पाठवण्यासाठी ती मजकुराच्या रूपात लिहिण्याची पद्धत. तिचे नियम तुम्ही एका बैठकीत शिकाल. मजकूर दुहेरी अवतरणातच हवा, शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही. यात चूक झाली तर पार्सर, म्हणजे जेसन वाचणारा प्रोग्रॅम, तिथेच अडतो, त्यामुळे तिची धास्ती बाळगू नका. काळजी घ्यावी ती जिथे काहीच अडत नाही आणि तरीही माहिती बदलते तिथे.

सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ हा खाते क्रमांक अवतरणाशिवाय पाठवला, तर ब्राउझर शेवटच्या ३ च्या जागी निमूटपणे २ हातात ठेवतो, कारण ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट या भाषेतली साधी संख्या दोनाच्या ५३व्या घातापलीकडचा प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. म्हणून ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, ते खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक मजकूर म्हणूनच पाठवावेत. सुरुवातीचे शून्यही मग शाबूत राहते.

तारखेसाठी तर जेसनमध्ये वेगळा प्रकारच नाही. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. तेव्हा आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २०२४-०४-०३ असेच लिहा आणि सोबत वेळ असल्यास शेवटी +०५:३० (भारतीय वेळेची खूण) जोडण्याचा कंटाळा करू नका.

मजकुराचे तुकडे हाताने जोडून जेसन बनवू नये, ते काम लायब्ररीवर, म्हणजे त्यासाठीच्या तयार कोडवर, सोपवावे. पीएचपी किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांनी मराठी नावांऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंकी संकेत लिहिलेले दिसले (पहिल्यांदा सगळेच दचकतात), तरी ते वैध जेसनच असते आणि वाचताना अक्षरे जशीच्या तशी परत मिळतात.