अमेरिकेचा १२० व्होल्टचा चार्जर इंदूरला चालवताना

भाच्याने अमेरिकेहून कॉर्डलेस ड्रिल आणलं, चार्जरवर १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलंय आणि महाराणी रोडवर १६०० वॅटचा मुठीएवढा कन्व्हर्टर मिळतोय, हे तुमचं वाचून राहवलं नाही. तो घेऊ नका.

मोबाइल-लॅपटॉपचा प्रश्नच नाही, १००-२४० लिहिलं असेल तर नुसती पिन बदला.

हलका कन्व्हर्टर व्होल्टेज उतरवत नाही, विजेची वर-खाली होणारी लाट कापतो. इस्त्रीला ते चालतं, कारण तिला फक्त तापायचं असतं. आपल्या २३० व्होल्टची लाट (२३० हा तिचा सरासरीसारखा आकडा) शिखराला ३२५ पर्यंत जाते, अमेरिकेची १७० पर्यंत. कापून १२० केली तरी शिखर ३०० च्या आसपास राहतं. आत नुसता डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर पूर्ण ३२५. चार्जरमधला पहिला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) शिखरापर्यंत भरतो आणि फक्त १२० साठी बनवलेल्या चार्जरमध्ये तो बहुधा २०० व्होल्टचा असतो. तो फुगतो, फुटतो आणि सोबत स्विचिंग ट्रान्झिस्टरही नेतो. साधा मल्टिमीटर शिखर दाखवत नाही, म्हणून दुकानात मोजून बघितलेलं सगळं ठीकच वाटतं.

घ्यायचाच असेल तर लोखंडी पट्ट्यांचा, खरोखर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, हातात वजन लागलं पाहिजे. चार्जरवर १.८ अँपिअर असेल तर १२० ने गुणून २१६ व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता यातच लिहितात) होतात. ५०० व्हीएचा घ्या. आउटपुट ११० चं असू द्या. रात्री लाइट २५० वर गेली की ११० चे आपोआप १२० होतात, १२० वाल्याचे १३० होतील.

ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० लाटा) अमेरिकेसारखे ६० करत नाही. ड्रिलचे आजचे चार्जर आधी विजेची डीसी (एकाच दिशेची वीज) करतात, त्यांना फरक पडत नाही. पण जुना जड, फक्त ६० हर्ट्झचा चार्जर १२० व्होल्टवर तापतो, कारण त्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातला चुंबकी प्रवाह २० टक्के वाढतो. त्याला १०० व्होल्ट दिले तर चुंबकी प्रवाह पूर्ववत होतो, पण आउटपुटही घटतं आणि बॅटरी अर्धवट भरते.

माझं स्पष्ट मत: त्याच बॅटरीचा २३० व्होल्टचा चार्जर इथेच घ्या. इथल्या एका सेवाकेंद्राने “वीस व्होल्टचा चार्जर भारतात येतच नाही” असं सांगून बॅटरी न बघताच मला परत पाठवलं, याचा अजून राग येतो. अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणतात त्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने असतात, म्हणजे १८ व्होल्टच; २० हा पूर्ण भरल्यावरचा आकडा. काउंटरवरच्या माणसाला एवढं ठाऊक नसावं? तरी आकड्यावर विसंबून पैसे देऊ नका. बॅटरी सोबत न्या, तिचा मॉडेल नंबर चार्जरच्या यादीत आहे का बघा, खाचेत बसवून दिवा लागतो का तेही तिथेच तपासा. दुसऱ्या कंपनीचा चार्जर नकोच, तापमानाची पिन वेगळी असू शकते.

हे सगळं लेबल न बघता लिहितोय. फोटो टाकलात तर व्हीए नक्की सांगतो.