त्याने माफी मागितली, पण माझे मूल सुरक्षित आहे का?

"शाळेने त्याला माफ केलं, मॅडम, पण माझ्या मुलाने उद्या त्याच वर्गात बसायचं ना?" हा प्रश्न मी वेगवेगळ्या पालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की आता वाक्य पुरे होण्याआधीच त्यामागची भीती मला ऐकू येते. मी कॅथलिक हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे. तेथे क्षमेला मोठे स्थान असते आणि नेमक्या त्याच कारणाने हा प्रश्न अधिक बोचरा होतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यांपैकी एक अनुभव येथे सांगते.

नववीतल्या एका मुलाला बोलताना अडखळण्याचा त्रास होता. तरीही शाळेच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेत, बायबलमधील पहिले वाचन करण्यासाठी त्याने स्वतःहून नाव दिले आणि आठवडाभर घरी सराव केला. प्रत्यक्ष वाचताना मात्र 'यशया' या संदेष्ट्याच्या नावातील 'य' वर तो अडकला आणि काही क्षण पुढे जाऊच शकला नाही. मागच्या बाकावरच्या वर्गमित्राने गीतांच्या पुस्तकाआड फोन धरून तेवढेच चित्रित केले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कितीतरी मुलांच्या फोनवर पोहोचला होता आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणी ना कोणी 'य-य-य' करत होते.

शाळेने कारवाई केली नाही असे नाही. तीन दिवसांचे निलंबन झाले, माफीपत्र लिहून घेतले गेले, प्रिन्सिपल फादरांच्या समोर दोघांनी हात मिळवले. त्यानंतर दर मिस्सेच्या दिवशी अडखळणाऱ्या मुलाचे पोट दुखू लागले. त्याच्या आईचे म्हणणे एकच होते, व्हिडिओ काढणाऱ्याला शाळेतून काढा.

मी आधी व्हिडिओ काढणाऱ्या मुलाशी बोलले. तो निगरगट्ट नव्हता. "मॅडम, मी पापनिवेदन केलं, प्रायश्चित्त केलं, निलंबनही भोगलं. आता अजून काय राहिलं?" त्याने हे अगदी प्रामाणिकपणे विचारले होते.

"तो व्हिडिओ आज किती जणांकडे आहे?" मी विचारले.

त्याला सांगता आले नाही, आणि त्या गप्प राहण्यातच मला पुढची दिशा दिसली.

दोघांना लगेच समोरासमोर बसवा, असा आग्रह माझ्याकडे धरला गेला होता. मी तीन आठवडे ठाम नकार दिला, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. ज्याला दुखावले गेले आहे त्याला काय हवे आहे हेच माहीत नसताना घेतलेली भेट ही त्याच्यावर लादलेली दुसरी शिक्षा असते. चौथ्या भेटीत मी अडखळणाऱ्या मुलाला विचारले, "काय झालं तर तू मिस्सेच्या दिवशी शाळेत येशील?" तो बराच वेळ वहीच्या कडेवर बोट फिरवत राहिला. मी त्याच्यासाठी शब्द शोधले नाहीत. अडखळणाऱ्या माणसाचे वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये.

"मला त्याची सॉरी नको. तो व्हिडिओ कुणाकुणाकडे गेला, ती नावं हवीत. जिन्यात कुणीही हसलं की मला वाटतं, यानंही पाहिलंय."

आई हकालपट्टीबद्दल बोलत होती, फादर क्षमेबद्दल. दोघांच्याही बोलण्याच्या मध्यभागी चूक करणारा मुलगाच होता. या मुलाची भीती एका वर्गमित्राची नव्हतीच. आपल्याला कोणी पाहिले आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्यासाठी सगळी शाळाच असुरक्षित झाली होती. त्या मुलाला काढून टाकले असते, तरी जिन्यातले हसू तसेच राहिले असते.

नुकसान कोणाचे झाले, त्याची गरज काय, आणि ती भागवण्याची जबाबदारी कोणाची, या क्रमाने विचार करायला मला पुनर्स्थापक न्यायाचे (शिक्षेपेक्षा नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या विचाराचे) अभ्यासक हॉवर्ड झेर यांच्या लेखनाने शिकवले. फादरांना मी कॅनडातील एल्मायरा गावाचा 1974 मधला प्रसंग सांगितला: 22 ठिकाणी मोडतोड करणाऱ्या दोन तरुणांना प्रोबेशन अधिकारी मार्क यांट्झी यांच्या सूचनेवरून नुकसान झालेल्या लोकांच्या दारी जाऊन भेटावे लागले आणि त्यांनी नंतर भरपाईही दिली. फादर थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले की हे चर्चच्या शिकवणुकीबाहेरचे नाही. पापमोचनाने, म्हणजे पापनिवेदनानंतर धर्मगुरूकडून मिळणाऱ्या क्षमेने, पाप दूर होते, पण पापामुळे झालेला सगळा बिघाड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू सावरावी, असे कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथातील 1459 व्या परिच्छेदात स्पष्ट आहे. बायबलमधील जकातदार जक्कयानेही नुसता पश्चात्ताप सांगितला नाही, चौपट परत करण्याचा शब्द दिला.

मग माझ्या खोलीत दोन संध्याकाळी बसून व्हिडिओ काढणाऱ्या मुलाने रेघी कागदावर 37 नावे लिहिली. वर्गशिक्षिका सोबत असताना तो प्रत्येकाकडे गेला, आपण काय केले ते सांगितले, व्हिडिओ समोरच फोनमधून पुसायला लावला आणि नावापुढे खूण केली. खूण म्हणजे पूर्ण हमी नव्हे, हे मी यादी मागणाऱ्या मुलाला आधीच सांगितले होते. दोघांची भेट त्यानंतर झाली, त्याने स्वतः होकार दिल्यावर, आणि हवे तेव्हा उठून जाण्याची मोकळीक ठेवून.

ही वाट प्रत्येक प्रकरणासाठी नाही, हे पालकांनी आणि शाळांनी नीट समजून घ्यावे. लैंगिक अत्याचार, चालू असलेली धमकी, मोठ्या माणसाने मुलाला केलेली इजा, अशा वेळी समोरासमोर बसवणे हा त्या मुलावर अन्यायच ठरेल. तेथे कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेकडे तक्रार जायलाच हवी, आणि संस्थेची अब्रू हे त्याआड येण्याचे कारण होऊ शकत नाही. इतर प्रसंगांतही सुरक्षितता आधी आणि सलोखा नंतर. म्हणून "त्याला काय शिक्षा केली?" एवढेच विचारून पालकांनी थांबू नये. तासांच्या मध्ये जिन्यात कोण उभे असते, पुन्हा घडले तर मुलाने नेमके कोणाला सांगायचे, आणि पुढे काय व्हावे हे माझ्या मुलाला कोणी विचारले का, याची उत्तरे शाळेकडून घ्यावीत. मुलावर क्षमा करण्याची सक्ती तर घरीही करू नये.

त्या मुलाने भेटीत "माफ केलं" असे म्हटले नाही आणि आम्ही कोणीही ते म्हणायला लावले नाही. दोघे मित्र झाले नाहीत. तो मिस्सेच्या दिवशी शाळेत येऊ लागला. वाचनासाठी मात्र अजून नाव दिलेले नाही. यादीची एक प्रत त्याने मागून घेतली, दुसरी माझ्या कपाटात आहे. शाळा सोडून गेलेल्या दोन मुलांच्या नावांपुढे अजून खूण नाही, आणि त्यांचा पत्ता लागला का हे सांगायला तो व्हिडिओ काढणारा मुलगा अधूनमधून मधल्या सुट्टीत माझ्या दारात येऊन उभा राहतो.