निवृत्तीनंतर, साठाव्या वर्षी, शास्त्रीय गायन शिकायला सुरुवात करता येईल का? (प्रश्न एका महिलेचा आहे)

होय, निश्चित करता येईल. मात्र पहिले वर्षभर राग किती झाले हे न मोजता आवाज आणि सूर यांकडेच लक्ष द्यावे. प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवताना मला असे दिसते की त्यांची ग्रहणशक्ती फारशी आड येत नाही, आड येते ती चुकीची पट्टी, म्हणजे ज्या उंचीच्या स्वराला 'सा' धरून गातो ती. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज सहसा खाली उतरतो, त्यामुळे तरुणपणी काळी चार किंवा पाचमध्ये (हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) सहज गाणाऱ्या व्यक्तीला आता काळी तीन, कधी त्याहूनही खालची पट्टी सोयीची ठरते आणि जुन्या पट्टीचा हट्ट धरल्यास तार षड्जाला (वरच्या सप्तकातल्या 'सा'ला) गळा आवळला जातो. म्हणून गुरूंकडून आधी पट्टी ठरवून घ्यावी, रोज सकाळी तानपुऱ्यावर (मोबाईलवरचाही चालेल) वीस मिनिटे षड्ज आणि ताण न देता मंद्र (खालच्या) सप्तकातले स्वर लावावेत, मग अलंकार (स्वरांच्या ठरावीक क्रमांचा सराव) आणि भूपासारखा पाच स्वरांचा राग घ्यावा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षा अभ्यासाला शिस्त लावतात, पण त्या ऐच्छिक आहेत आणि प्रमाणपत्राच्या घाईत बंदिशी (रागात बांधलेल्या रचना) नुसत्या पाठ होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर रियाज थांबवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.