धावपळीत आपण कशासाठी जगतोय हेच विसरायला झालंय. नोकरी सोडून शोध घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मूळ गाव गडहिंग्लजकडचं, नोकरी पुण्यात, वय 36. दिवस मीटिंगांत जातो, संध्याकाळ मुलीच्या क्लासच्या ने-आणीत, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर बोट आपोआप रील सरकवत राहतं. पूर्वी काहीतरी करायचं होतं, पण काय ते आता आठवत नाही. म्हणून सहा महिने नोकरी सोडून स्वतःचा शोध घ्यावा, असा विचार चाललाय.

नोकरी सोडू नका, असं मला मनापासून वाटतं. निदान या कारणासाठी तरी नको. धावपळीमुळे आपण रिते झालो असं तुम्ही धरून चाललाय. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्या दिवसांत मी सगळ्यात जास्त धावले, सगळ्यात जास्त फोनवर होते, त्याच दिवसांत आपण कशासाठी आहोत हे मला सगळ्यात स्वच्छ कळत होतं. ते दिवस ऑगस्ट 2019 चे, कोल्हापूरच्या महापुराचे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या विभागात काम करते. कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, वेळेत निघाला का, गाडी कुठं अडली, मालासोबतच्या ई-वे बिलात काय चुकलं, यातच दिवस जातो. पुराच्या आधीची दोन-तीन वर्षं माझी अवस्था तुमच्यासारखीच होती. कुकर लावता लावता फोन, जेवताना फोन, झोपताना फोन. आज काय केलंस असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नसायचं. दमणूक मात्र खरी असायची.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतात. त्या साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली, दोन्हीकडं ट्रकांच्या रांगा, कारखाना बंद. शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळं चहूकडं पाणी आणि घरातले नळ कोरडे. आमचं घर शिवाजी पेठेत, उंचावर, तिथं पूर पोचत नाही. गल्लीच्या तालमीत स्वयंपाक सुरू झाला आणि मीही गेले. चपात्या लाटायला हात भरपूर होते. मला भराभर लिहायची आणि गाड्यांचा मेळ घालायची सवय, म्हणून मंडळाच्या पोरांनी माझ्यापुढं एक जाडजूड वही ठेवली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही फोन बघा.”

फोन यायचे ते बहुतेक बाहेरगावच्या मुलामुलींचे. आई-वडील नागाळा पार्कात, शुक्रवार पेठेत, दुधाळीत अडकलेले. कुणाचं इन्सुलिन संपत आलेलं, कुणाचा डायलिसिसचा दिवस उद्यावर, कुणी दुसऱ्या मजल्यावर आणि जिना उतरता येत नाही. सगळ्यात अवघड काम गोळ्यांचं. “आजी, बीपीची गोळी कुठली?” म्हटलं की पलीकडून उत्तर यायचं, “पांढरी हाय की गं, बारकी. सकाळची.” आता पांढरी बारकी गोळी म्हणजे हजार गोळ्यांतली कुठलीही. आमच्या गल्लीतले औषध दुकानदार दोन दिवस माझ्या शेजारी बसून होते. डॉक्टर कोण, गोळी किती वर्षं चालू आहे, पाकिटावर एखादं अक्षर वाचता येतं का, असं विचारत विचारत ते गोळीपर्यंत पोचायचे. मग छोट्या पिशवीत औषध, वर नाव-पत्ता, आणि ती पिशवी बोटीतून जाणाऱ्या पोरांच्या हातात. पोचली की त्यांचा फोन. मी वहीत त्या ओळीवर रेघ मारायची.

पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, कारखाना सुरू झाला. आणि थोड्याच दिवसांत मी परत पहिल्यासारखी.

याचा मी पुष्कळ विचार केला. संकटात माणूस भारावतो, एवढंच उत्तर मला पुरेना. भारावलेपण पहिल्या दिवशी असतं. नंतर उरते ती झोप न झाल्याची डोकेदुखी आणि घसा बसलेला. तरीही मन विखुरलेलं नव्हतं. फोन तोच होता, उलट रोजच्यापेक्षा जास्त वाजत होता. फरक असा, की त्या दिवसांत प्रत्येक फोनचं दुसरं टोक मला दिसत होतं. कुठली गल्ली, कितवा मजला, कोण वाट बघतंय. आणि प्रत्येक काम कुठंतरी संपत होतं. एरवी माझ्याकडं दिवसभर जे मेसेज येतात त्यांतले कितीतरी कुणालाच पोचत नाहीत, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर नुसते फिरत राहतात. रीलला तर शेवटच ठेवलेला नाही. एक संपायच्या आत दुसरी सुरू व्हावी, अशीच तिची रचना आहे. माणूसही दिसत नाही आणि शेवटही येत नाही, अशा गोष्टींत दिवस गेला तर तो कितीही भरलेला असला तरी हाताशी काही लागत नाही. मला वाटतं तुमचंही तेच झालंय. काम जास्त आहे, पण त्यातलं एकही काम कुणाच्या दारापर्यंत जाऊन थांबत नाही.

म्हणून मी ती वही बंद केली नाही. आमच्या भागातली आणि नदीकडच्या ओळखीच्या गल्ल्यांतली एकटी राहणारी म्हातारी माणसं, त्यांची नावं मी नव्याने लिहून काढली. दरवर्षी वळवाचे पाऊस सुरू झाले की रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाते. गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम लिहायचं, रंग लिहायचा नाही, हे दुकानदार काकांनी शिकवलं. मुलगा किंवा मुलगी कुठल्या शहरात, रात्री फोन उचलणारा नंबर कुठला, घराची दुसरी किल्ली कुणाकडं, जिना उतरता येतो का, कानाला यंत्र आहे का आणि त्याचे सेल कुठं ठेवलेत, फ्रीज बंद पडला तर इन्सुलिन कुठं हलवायचं. हा शेवटचा प्रश्न एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला सुचवला, त्यांच्या स्वतःच्या काळजीतून. जुलै 2021 मध्ये पाणी परत चढलं तेव्हा वही तयार होती. कुणाला काय लागणार हे विचारत बसावं लागलं नाही, थेट पोरांना पत्ते देता आले. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे मेसेज सुरू झाले की सगळं कोल्हापूर फोनला चिकटतं. मीही चिकटते. पण माझ्याकडं तेव्हा करण्यासारखं काहीतरी असतं.

हेतू म्हणजे काहीतरी भव्य असलं पाहिजे, अशी धास्ती तुमच्या प्रश्नातून जाणवते. आमच्याकडं भव्य म्हटलं की शाहू महाराजच डोळ्यांपुढं येतात, तेव्हा त्यांच्याबद्दलच सांगते. 1894 मध्ये, विशीच्या आत, त्यांच्या हाती राज्याचा कारभार आला आणि पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग आला. पुढच्या 28 वर्षांत वसतिगृहं, 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा हुकूम, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, भोगावतीवरचं राधानगरीचं धरण. आपण हे सगळं एका ओळीत वाचतो, म्हणून ते एकाच मोठ्या संकल्पातून निघालं असं वाटतं. मला तसं वाटत नाही. समोर कुणाला पाणी नाही, कुणाला शहरात राहून शिकायला जागा नाही, हे बघत बघत एकेक काम वाढलेलं दिसतं. धरण त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. 1922 मध्ये ते गेले आणि काम पुढं काही दशकांनी पूर्ण झालं. आज भोगावतीच्या काठच्या उसाला पाणी मिळतं ते त्यातूनच. एवढा मोठा माणूससुद्धा समोरच्या गरजेपासून सुरू झाला, मग तुम्ही-मी स्वतःच्या आत खोल कुठंतरी काय शोधत बसायचं?

आणि हे समाजसेवाच असलं पाहिजे असंही नाही. आमच्या फौंड्रीत भट्टीवर एक जण आहेत. तरुणपणी कुस्ती करायचे, गुडघा गेल्यावर सुटली. शिफ्ट संपली की ते पेठेतल्या तालमीत जातात आणि आखाड्याची माती करतात. तांबडी माती चाळायची, त्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालायचं, खोऱ्यानं वरखाली करत मऊ ठेवायची, म्हणजे पोरांच्या अंगाला इजा होत नाही. त्यांना वस्ताद कुणी म्हणत नाही, ते डाव शिकवत नाहीत. खासबागेत कुस्त्यांचं मैदान असलं की या तालमीतली पोरं लढतात आणि हे कुठंतरी मागं, वरच्या पायरीवर बसून बघतात. भट्टीसमोर आठ तास उभं राहून वर हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “पोरं पाचला येत्यात. माती कडक असून कशी चालंल?” त्यांना हेतूबिताबद्दल एक शब्द बोलताना मी ऐकलं नाही. पण पहाटे पाचला कोण येणार आहे, हे त्यांना माहीत असतं.

तुम्ही पुण्यात काय करावं हे मी इथं बसून सांगू शकत नाही. एक सुचवते. लोक तुम्हाला कशासाठी फोन करतात ते आठवून बघा. ऑफिसचं सोडून. कुणी फॉर्म भरायला, कुणी हिशोब समजून घ्यायला, कुणी गावाकडच्या पोराला पुण्यात खोली बघून द्यायला. तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगला पुण्यात आलात तेव्हा पहिलं वर्ष फार हाल झाले, मेसचे, इंग्रजीचे, एकटेपणाचे. आजही गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची पोरं तशीच येतात. त्यांतल्या एकाला महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलावणं आणि त्याचं काय चाललंय ते नीट ऐकून घेणं, हे काम तुमच्या इतकं जवळ आहे की म्हणूनच बहुधा तुम्हाला दिसलं नसेल. “तरुणांसाठी काहीतरी करायचं” असं मोठं ठरवू नका. त्याला पत्ता नाही. एक पोरगा, त्याचं नाव, त्याची खोली कुठं, त्याची परीक्षा कधी, इथून सुरुवात करा.

वेळ कुठून आणायचा, असंही तुम्ही विचारलंय. मी फोन टाकून दिलेला नाही आणि ते मला जमणारही नाही, डिस्पॅचची नोकरी आहे. केलं ते इतकंच, की वही कागदाची ठेवली. फोनवर यादी केली असती तर प्रत्येक वेळी यादी उघडताना आणखी दहा गोष्टी उघडल्या असत्या. रविवारी सकाळी घराबाहेर पडताना वही पिशवीत आणि फोन त्याच पिशवीत, आवाज बंद करून. तेवढे दोन-तीन तास कुणाचं काही अडत नाही. आठवड्याच्या बाकी वेळात मी अजूनही रील बघते. पण पूर्वीसारखं तासन्‌तास होत नाही, आणि त्यासाठी मी मनावर काही जोर केलेला नाही. डोक्यात कुणाचं तरी काम चालू असतं, त्यामुळं कंटाळा लवकर येतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप तुटत असेल, पूर्वी आवडायचं तेही नकोसं वाटत असेल, तर त्याला हेतू हरवणं म्हणू नका. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर औषधोपचार आहेत. पुरानंतर आमच्याच ओळखीत एक जण असे महिनोन्‌महिने बसून होते, आणि लोक त्यांना “कामात मन गुंतव” असा सल्ला देत होते. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं तेव्हा कुठं ते सावरले. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटलं नाही, पण स्वतःशी प्रामाणिकपणे एकदा तपासून घ्या.

तसं नसेल तर येत्या रविवारी त्या पोराला बोलवा. तुमच्या बायकोला आधी विचारा, कारण स्वयंपाकघर दोघांचं आहे. सल्ले द्यायची घाई करू नका, पहिल्या वेळी तर मुळीच नको. तो बुजेल, ताटाकडं बघत बोलेल, लवकर निघतो म्हणेल. जाऊ द्या. जाताना पुढची तारीख मात्र त्याच्यासमोरच ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मुलीला दिसेल अशी. एक-दोन महिन्यांनी ती तारीख जवळ आली की तीच विचारेल, दादा येणार का म्हणून.