दुसऱ्या समाजातलं पात्र लिहावं का?

तुम्ही विचारलंय: 'कादंबरीत अलिबागकडची बेने इस्रायली आजी आहे, मी त्या समाजाची नाही, लिहू का?' लिहा की! (बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू.) पण आधी एक ठरवा, तिला ज्यू म्हणून लिहिणार की आजी म्हणून?

आपल्याकडे गडबड होते ती इथे. ज्यू म्हटलं की लेखक हिटलर आणि छळछावण्यांपाशी पोचतो. ही आजी मराठीत भांडणारी, आडनाव पेणकर किंवा रोहेकर, आणि पूर्वज तेलाचा घाणा चालवणारे. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं 'शनवार तेली'. नवस फेडायला ती मलिदा करेल: गोड पोहे, नारळ, फळं आणि एलियाहू हानाबी या प्रेषिताचं नाव. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घालेल, दही नाही, कारण ज्यूंना मांस आणि जनावराचं दूध एकत्र चालत नाही. हे तिने कुणाला समजावून सांगू नये, नुसतं दही बाजूला सारावं.

सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, जुनी माणसं 'मशीद' म्हणत. असा एक शब्द दहा पानांच्या माहितीला भारी पडतो.

1948 नंतर बरेच जण इस्रायलला गेले. मग हिची भावंडं तिकडे, ही इथे का राहिली? खरी कादंबरी मला तिथे दिसते.

लिहून झाल्यावर त्या समाजातल्या दोघांना तरी वाचायला द्या, एकाला नको. एकटा माणूस आपल्याच घरची रीत सगळ्यांची म्हणून सांगतो (माझी आत्याही तेच करते).