वाचक विचारतात : निम्मी वाडी आजारी पडली, मग नवा व्हेरियंट जास्त पसरणारा का?

प्रश्न : डॉक्टर, आमची वाडी गुहागरजवळ. गणपतीला चाकरमानी आले आणि गौरी-विसर्जनानंतर चार दिवसांत निम्मी घरं ताप-खोकल्याने झोपली. मुंबईहून आलेल्या भाच्याची टेस्ट कोविड पॉझिटिव्ह निघाली. व्हॉट्सॲपवर फिरतंय की नवीन व्हेरियंट आलाय आणि तो आधीच्यापेक्षा खूप जास्त पसरतो. आम्हाला तर डोळ्यांसमोर दिसतंय. खरं मानायचं का? घरात ७८ वर्षांची आई आहे, तिलाही कालपासून खोकला सुरू झालाय. – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : दादा, तुमच्या वाडीत तो भरपूर पसरला हे खरंच आहे, पण तेवढ्यावरून तो मुळात जास्त पसरणारा आहे असं नाही म्हणता येत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि फॉरवर्ड करणारे नेमकी इथेच गल्लत करतात.

आरतीची वेळ आठवा. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या ओढून घेतलेल्या, माजघरात तीस-चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून उभी, झांजा वाजतायत आणि सगळे बेंबीच्या देठापासून ओरडून एकामागून एक आरत्या म्हणतायत, मग मंत्रपुष्पांजली, प्रसाद, आणि तीच माणसं पुढच्या घरी. त्यात एकाला जरी लागण झालेली असेल तर कोविडचा जुन्यातला जुना प्रकारसुद्धा तिथे पसरला असता. या आजारात बहुतेक जण फारसं कुणाला देत नाहीत, थोडेच जण एकदम पुष्कळांना देतात, आणि तो एक जण अशा माजघरात सापडला की आकडा फुगतो. ही करामत व्हेरियंटची की माजघराची, हे एका वाडीवरून कळत नाही.

असं मोठ्या प्रमाणावरही झालंय. २०२० च्या उन्हाळ्यात स्पेनमधे बी.१.१७७ नावाचा प्रकार वाढला आणि काही महिन्यांत युरोपभर झाला, तेव्हा तो जास्त संसर्गजन्य असेल असं वाटणं साहजिक होतं. नंतर खोलात जाऊन बघितल्यावर दिसलं की सुट्टीला स्पेनला गेलेली माणसं तो आपापल्या देशात परत परत घेऊन आली होती, त्याच्यात स्वतःचा असा विशेष जोर सापडला नाही. आपल्या चाकरमान्यांसारखंच झालं म्हणा ना.

आणि आपल्या रत्नागिरीचं कसं विसरणार. जून २०२१ मधे राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडले, त्यातले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात, आणि लोक इतके घाबरले की माझ्याकडे साधा सर्दीचा पेशंटही आधी तेच विचारायचा. डेल्टा प्लस म्हणजे डेल्टाच, फक्त स्पाइक प्रोटीनमधे एक बदल जादा. पुढे इन्साकॉगने, म्हणजे देशातल्या जनुकीय तपासणी करणाऱ्या लॅबच्या गटाने, सांगितलं की तो डेल्टापेक्षा जास्त पसरेल असं दिसत नाही. तो मागेच पडला. ९ हा आकडा खरा होता, त्यातून लोकांनी काढलेला अर्थ चुकला.

मग खरंच जास्त पसरतो हे ठरवतात कसं? तुलना करून, आणि तीही सारख्याच परिस्थितीत. इंग्लंडमधला अल्फा व्हेरियंट बघा. नोव्हेंबर २०२० मधे तिथे लॉकडाऊन होतं, बाकीचे प्रकार कमी होत होते आणि त्याच काळात, त्याच निर्बंधांत केंट भागात हा वाढत होता, मग एकामागून एक इतर भागांतही तेच झालं. एका ठिकाणी योगायोग असू शकतो, दहा ठिकाणी तेच चित्र आलं की मानावं लागतं.

दुसरी पद्धत मला सगळ्यात जास्त पटते ती म्हणजे घराघरांतली मोजणी. घरात एकाला झाला तर बाकीच्यांपैकी किती जणांना झाला, हे दोन्ही प्रकारांसाठी एकाच काळात मोजायचं. डेन्मार्कमधे डिसेंबर २०२१ मधे असं केलं तेव्हा डेल्टाच्या घरांत २१ टक्के लोकांना लागण झाली होती आणि ओमिक्रॉनच्या घरांत साधारण ३० टक्के. पण यातही एक खोच होती. लस न घेतलेल्यांमधे दोन्हींत फारसा फरक नव्हता, मोठा फरक लस घेतलेल्यांमधे होता. म्हणजे ओमिक्रॉनचा बराचसा जोर आपली आधीची प्रतिकारशक्ती चुकवण्यात होता. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, ‘लय पसरतोय’, पण कारण वेगळं.

तुमच्या भाच्याची टेस्ट फक्त कोविड आहे एवढंच सांगते, कुठला व्हेरियंट ते सांगत नाही, त्यासाठी नमुन्याचं सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूची जनुकीय तपासणी, लागते. आणि एकाच घरातले पाच नमुने पाठवले तर ते पाच पुरावे होत नाहीत, कारण विषाणू त्या घरात बहुधा एकदाच शिरलेला असतो.

तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर एका वहीत लिहून काढा : कुठल्या घरात किती माणसं, कोण कुठल्या तारखेला आजारी पडलं, कोण कुठल्या आरतीला होतं, लस कधी घेतली. ज्या घरातलं कुणीच आरतीला गेलं नव्हतं तिथे काय झालं ते तर नक्की लिहा. ही वही आशाताईंकडे द्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तिचा फॉरवर्डपेक्षा कितीतरी जास्त उपयोग होईल.

आईंचं मात्र आजच बघा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, त्यांच्याजवळ जाणाऱ्याने मास्क लावा. टेस्ट करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, या वयात औषध सुरुवातीलाच द्यावं लागू शकतं. दम लागत असेल, ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल किंवा त्या नेहमीपेक्षा गुंगीत वाटत असतील तर व्हेरियंट कुठला ते कळायची वाट न बघता रात्र असली तरी गाडी काढा.