दगड की पत्रा?

प्रश्न: मुलीकडे इंडियानात आलोय. जवळच्याच छोट्या काउंटीच्या गावात मधोमध जुनं कोर्ट आणि चारी बाजूंनी दुमजली दुकानं आहेत. एका दुकानाची नक्षी दगडाची वाटली म्हणून सहज टिचकी मारली तर चक्क पत्रा वाजला! ही काय भानगड?

उत्तर: टिचकी मारलीत ते बरं केलंत, निम्मे लोक फोटो काढून निघून जातात. १८८०च्या आसपासपासून तिथे दुकानाचा अख्खा दर्शनी भाग कॅटलॉग बघून मागवता यायचा, म्हणजे ठसे मारलेला गॅल्वनाइज्ड पत्रा, बिडाचे खांब, वरची नक्षीदार कॉर्निस (म्हणजे माथ्यावरची पुढे आलेली पट्टी), सगळं रेल्वेने यायचं आणि गावातले कारागीर ते विटांच्या भिंतीवर ठोकून बसवायचे, वर दगडासारखा रंग दिला की काम फत्ते. मेस्कर भावंडांचं यात मोठं नाव, दोघांचा कारखाना सेंट लुइसला आणि तिसऱ्या भावाचा इंडियानातच, एव्हान्सव्हिलला. आता परत गेलात की दाराजवळच्या खांबाच्या बुडाशी वाकून बघा, रंगाच्या थरांखाली कंपनीचं नाव उठावात सापडतं बऱ्याचदा. थाटमाट फक्त रस्त्याच्या बाजूला हं, मागच्या गल्लीत गेलात तर साध्या विटा!

काही दुकानांवर सपाट ॲल्युमिनियम दिसेल, १९५०-६०च्या सुमाराला मॉडर्न दिसायच्या हौसेने झाकलंय ते, माझ्या मते विद्रूपच.

शेजारच्या ओहायो राज्यात जमलं तर सिडनी गावातली, वास्तुविशारद लुई सलिव्हनची १९१८ची बँक चुकवू नका, दारावर मोझॅकमध्ये 'थ्रिफ्ट' लिहिलंय, म्हणजे काटकसर, आणि इमारत मात्र दागिन्यासारखी मढवलेली!